कलंडलेलं तळं

इंदूरच्या राजवाड्याजवळच्या एका लॅबमधून 8×12 चा प्रिंट आला आणि पाकिटातून अर्धा बाहेर काढताच काहीतरी खटकलं. रंग ठीक होते. कागद मॅट सांगितला होता, मॅटच होता. शिडाचा पांढरा रंग पांढराच राहिला होता, म्हणजे निम्मी लढाई जिंकलेली. फोटो भोपाळच्या बड्या तालाबवरचा, ऑप्टिमिस्ट नावाच्या छोट्या शिडाच्या बोटीतल्या एका मुलीचा. तिचे आजोबा रामबागेत राहतात, प्रिंट त्यांच्यासाठी होता. पण बोट डोलकाठीसकट समईसारखी ताठ उभी होती आणि मागचं सगळं तळं डावीकडे उताराला लागलं होतं, मोरीच्या फरशीला ढाळ देतात तसं. काउंटरवरचा मुलगा खुशीत म्हणाला, "भिया, फोटो टेढ़ा आया था, सीधा कर दिया. इसके पैसे नहीं लगेंगे."

मूळ फोटोत बोट बारा-एक अंश कललेली होती. शिडाची बोट वाऱ्यात कलणारच. फोटो नाळेसमोरून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकासमोरून, थोडा वाऱ्याच्या अंगाने काढलेला. वारा बोटीच्या उजव्या हाताने येत होता, म्हणून समोरून पाहणाऱ्याला डोलकाठी उजवीकडे झुकलेली दिसत होती. मुलगी बोटीच्या कडेवर बसून पाठ मागे टाकून वाऱ्याच्या बाजूला लवली होती. लॅबवाल्याने डोलकाठीला ओळंबा लावला. आता हिशोब असा की 3:2 प्रमाणाचा फोटो बारा अंश फिरवून पुन्हा त्याच प्रमाणात कापला, तर जवळजवळ 40 टक्के चित्र कात्रीत जातं. दोन अंश सरळ करायलाही दहावा हिस्सा द्यावा लागतो. इथे डावीकडची पाण्यावरची काळपट पट्टी गेली होती. ती पट्टी म्हणजे नुकताच येऊन पोचलेला वाऱ्याचा झोत. पाण्यावर बारीक सुरकुत्या उठल्या की आकाशाचं प्रतिबिंब मोडतं आणि तेवढा तुकडा गडद दिसतो. बोट कलली होती ती त्या तुकड्यामुळे. म्हणजे कारणही कापलं गेलं आणि परिणामही सरळ झाला. उरली ती दोरी धरून विनाकारण मागे पडणारी एक मुलगी.

फोटोतून वारा गेला होता.

त्या मुलावर चिडावं असं वाटलं, पण चिडता येईना. त्याच्या कॉम्प्युटरवर दिवसभर लग्नं येतात. लग्नात उभ्या वस्तू उभ्याच असतात: मांडवाचे खांब, दाराची चौकट, हॉलचे पडदे, आणि त्यांच्यापुढे इस्त्री मोडू नये म्हणून श्वास धरून उभे असलेले व्याही. तिथे काहीही तिरकं दिसलं तर चूक फोटोवाल्याची. सेलिंगमध्ये उभ्या दिसणाऱ्या गोष्टींपैकी एकही भरवशाची नसते. डोलकाठी कलते, मार्क म्हणून टाकलेला फुगा झोपतो, शर्यत चालवणाऱ्या कमिटी बोटीचा झेंड्याचा दांडा झोके खातो. भरवसा फक्त पाण्याच्या सपाटीचा. पाणी आडवं असलं पाहिजे, बाकी सगळ्यांनी कलावं तेवढं कलावं.

आणि त्यातही तळं फसवतं. समुद्रावर क्षितिजाची रेघ असते. ती आडवी केली की काम झालं. तळ्याला क्षितिज नसतं, समोरचा काठ असतो. तो काठ आपल्यापासून तिरका दूर जात असेल तर त्याची जवळची बाजू चित्रात खाली येते आणि लांबची वर. कॅमेरा काटेकोर आडवा असला तरी किनारा उताराचा दिसतो. बड्या तालाबचा काठ तर कुठेच सरळ नाही. पुष्कळ नवे फोटोवाले घरी येऊन तो काठ आडवा करतात आणि खरोखर नीट आलेला फोटो बिघडवतात. यावर जुना उपाय आहे. काठावरची एखादी इमारत, खांब किंवा झाड घ्यायचं आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब बघायचं. वस्तूचं टोक आणि प्रतिबिंबातलं तेच टोक एकाच उभ्या रेषेत आलं पाहिजे. पाणी खवळलेलं असेल आणि प्रतिबिंब फुटलं असेल तर इमारतीच्या कोपऱ्यावर काम भागवायचं. कॅमेऱ्यातली लेव्हलची हिरवी रेघ हलत्या बोटीत कामाची नाही. तो सेन्सर गुरुत्वाकर्षण ओळखतो, पण बोटीचे धक्केसुद्धा त्याला गुरुत्वाकर्षणच वाटतात. तो खरं बोलायला लागेपर्यंत क्षण निघून गेलेला असतो.

इंदूरमध्ये बसून शिडांविषयी बोललं की समोरचा पोह्यांवर शेव पसरता पसरता थांबतो. "समुद्र कुठंय इथं?" प्रश्न रास्त आहे. अवंतिका एक्सप्रेसमध्ये रात्रभर झोपल्याशिवाय समुद्र येत नाही. पण शिडाला समुद्र लागतच नाही, मोकळं पाणी आणि मोकळा वारा लागतो. सप्टेंबर 2023 मध्ये हांगचौ एशियाडमध्ये मुलींच्या इल्का 4 प्रकारात नेहा ठाकूरने रौप्यपदक मिळवलं. ती देवास जिल्ह्यातली, शेतकरी घरातली, आणि शिकली भोपाळच्या नॅशनल सेलिंग स्कूलमध्ये. देवास म्हणजे आमच्यासाठी टेकडीवरची देवी आणि कुमार गंधर्व. आता त्यात शीडही आलं. या इल्का बोटीचं आधीचं नाव लेझर. सांगाडा एकच, 4.2 मीटर लांबीचा, 59 किलोचा. बदलतं ते शीड आणि त्याबरोबर डोलकाठीचा खालचा तुकडा. इल्का 4 ला 4.7 चौरस मीटरचं शीड, इल्का 6 ला 5.76, इल्का 7 ला 7.06. ऑप्टिमिस्ट त्याहून लहान: 2.3 मीटर लांब, 35 किलो, पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. पुढून पाहिली तर नाळ चपटी कापलेली, एखाद्या मोठ्या परातीसारखी. हे आकडे पाठ असणं फोटोवाल्याला उपयोगी पडतं. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर 200 मिमीच्या लेन्समधून 40 मीटरवरची साधारण सात मीटर रुंदी दिसते. त्यात ऑप्टिमिस्ट बसते, भोवती हवाही राहते. 400 वर गेलं तर रुंदी साडेतीन मीटरवर येते, म्हणजे चेहरा आणि दोरी मिळते पण शिडाचं टोक कापलं जातं. बोट नाचत असताना 400 मिमीवर विषय चौकटीत धरून ठेवणं म्हणजे सराफ्याच्या गर्दीतून पाण्याने काठोकाठ भरलेला पेला नेणं.

या कामातली पहिली अडचण लेन्सची नसते, जागेची असते. बोट वाऱ्याकडे चढत असताना खलाशी वाऱ्याच्या बाजूला बसलेला असतो आणि शीड दुसऱ्या बाजूला. वाऱ्याखालच्या अंगाने फोटो काढला तर मोठं पांढरं शीड मिळतं आणि त्याच्यामागे माणूस गायब. वाऱ्याच्या अंगाने काढला तर माणूस मिळतो, पण आपली मोटरबोट त्याच्या वाऱ्यात येऊन उभी राहते. शर्यतीत हा गुन्हाच. आपल्या बोटीचा आडोसा आणि मागे उठणाऱ्या लाटा, दोन्हींनी त्याचं नुकसान होतं. अगदी बाजूने, काटकोनात काढला तर कल दिसत नाही, कारण बोट आपल्यापासून दूर किंवा आपल्याकडे झुकलेली असते. म्हणून उरते ती नाळेसमोरची, थोडी वाऱ्याकडची, लांबवरची जागा. तिथून चेहरा दिसतो, कल दिसतो, शिडाचा आतला भाग दिसतो. पण बोट आपल्याच अंगावर येत असते. दर काही सेकंदांनी सरकावं लागतं. सरकताना लाट उठवायची नसते.

सुरुवातीच्या रेषेवर हे सगळं पाच मिनिटांत उरकायचं असतं. पाच मिनिटं उरली की त्या बोटींच्या वर्गाचा झेंडा चढतो. चार मिनिटांवर तयारीचा, बहुतेक वेळा निळ्यावर पांढरा चौकोन असलेला पी अक्षराचा झेंडा. एक मिनिट उरलं की तो खाली येतो आणि शून्यावर वर्गाचा झेंडाही उतरतो. शेवटच्या मिनिटात सगळ्या बोटी रेषेजवळ शीड फडफडवत घुटमळतात, सराफ्यात रात्री जिलबीच्या कढईभोवती लोक घुटमळतात तशाच. कोणी पुढे जात नाही, पण जागाही सोडत नाही. बहुतेकांच्या उजव्या अंगाला वारा असतो, कारण उजवीकडून वारा घेणाऱ्याला हक्काची वाट. कमिटी बोट उजव्या टोकाला असते, डाव्या टोकाला नुसता फुगा. फोटोवाल्याने फुग्याच्या बाहेर, रेषेपासून बऱ्यापैकी दूर, इंजिन न्यूट्रलवर ठेवून थांबायचं. तिथून सगळा ताफा एका माळेत येतो. एखादा वेळेआधी रेषा ओलांडून गेला तर पांढऱ्यावर निळं अधिकचं चिन्ह असलेला झेंडा लागतो आणि त्या वेळी त्या मुलाच्या चेहऱ्यावर जे येतं त्याला 1/1000 चा शटरसुद्धा हळू वाटतो. त्यानंतर वरच्या, म्हणजे वाऱ्याकडच्या मार्कवर जायचं, पण ताफ्याच्या मधून अजिबात नाही, लांबून वळसा घालून. मार्क बहुतेक वेळा डाव्या हाताला ठेवून वळतात. वळून निघण्याच्या बाजूला तीस-चाळीस मीटर सोडून थांबलं की एकामागून एक नाळा, पाण्याचे फवारे आणि एकमेकांवर ओरडणारी तोंडं मिळतात.

म्हणून बोट चालवणारा माणूस लेन्सपेक्षा महाग. त्याला "पुढे", "मागे" सांगून चालत नाही. इंजिनच्या आवाजात ऐकू येत नाही आणि आपलं डोकं कॅमेऱ्यात असतं. सकाळीच हाताच्या खुणा ठरवाव्यात: मूठ म्हणजे न्यूट्रल, तळहात खाली म्हणजे हळू. तो स्वतः सेलिंग केलेला असेल तर सोन्याहून पिवळं, कारण बोट कधी वळणार हे त्याला दोन सेकंद आधी कळतं. नवखा चालक विषयाजवळ जाऊन एकदम थ्रॉटल सोडतो. त्याची स्वतःचीच लाट मागून येऊन ऑप्टिमिस्टमध्ये घुसते आणि ते पोर शर्यत सोडून डबड्याने पाणी उपसत बसतं. इंजिन बंद करणारी लाल दोरी चालकाच्या पायाला किंवा मनगटाला बांधलेली आहे का, हे निघण्यापूर्वी बघावं. लाइफ जॅकेटविषयी तर बोलायला नको असं वाटतं, पण बोलावं लागतं. जानेवारी 2024 मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. जॅकेट सगळ्यांच्या अंगात नव्हती. फोटोवाले जॅकेट टाळतात कारण जाड कॉलर कॅमेऱ्याच्या आड येते. त्याला उपाय आहे: 50 न्यूटनची अंगासरशी बसणारी बॉयन्सी एड, म्हणजे तरंगायला मदत करणारी बंडी. ज्याला पोहता येतं आणि ज्याच्या मदतीला जवळच दुसरी बोट आहे त्याच्यासाठी ती ठीक. पाण्याने आपोआप फुगणारं जॅकेट घेतलं तर फवारा खाऊन भलत्याच वेळी फुगण्याचा धोका. एकदा असं फुगलेलं जॅकेट घातलेला माणूस पाहिला की त्याला व्ह्यूफाइंडरपर्यंत नाक नेता येत नाही हे कळतं.

कॅमेरा कसा धरायचा याचं एक गुपित पायांत आहे. बोटीच्या कठड्याला टेकलं की इंजिनची थरथर हाडांतून लेन्सपर्यंत जाते. मोनोपॉड म्हणजे एकपायी स्टँडही त्याच कारणाने नको. गुडघे सैल, कोपरं पोटाशी, आणि कमरेने झोका खायचा, बसमध्ये दांडा न धरता उभं राहणाऱ्या कंडक्टरसारखं. शक्य असेल तर गुडघ्यावर बसावं. लेन्स पाण्याच्या जितकी जवळ तितकी लाट मोठी दिसते. उभं राहून काढलं तर दीड फुटाची लाट चादरीवरची सुरकुती होते. उन्हात 200 आयएसओवर, एफ 5.6 ला 1/1600 च्या आसपास शटर येतो, थेंब गोठवायला तो पुरतो. ऑटोफोकसचा बिंदू शिडावर ठेवू नये. कोऱ्या पांढऱ्या कापडावर त्याला धरायला काही सापडत नाही, तो पुढेमागे घुटमळतो. माणसाच्या जॅकेटवर ठेवावा, नाहीतर शिडाच्या नंबरावर. ट्रॅकिंग आळशी करून ठेवावं, म्हणजे मध्येच उडालेल्या फवाऱ्यावर ते उडी मारणार नाही.

पांढऱ्या शिडाने सगळ्यांना रडवलेलं आहे. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर जगाला राखाडी समजतो. शीड चौकटभर असेल तर तो ते राखाडी करून टाकतो, धुतल्यावर निळीशिवाय वाळत घातलेल्या धोतरासारखं. तेव्हा दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवावा लागतो. आणि शीड लहान, भोवती गडद पाणी असेल तर उलट: मीटर पाणी उजळायला जातो आणि शिडाचे टाके, पट्ट्या, नंबर सगळं पांढऱ्यात विरघळतं. तिथे तेवढंच कमी करायचं. हा हात घरबसल्या बसवता येतो. सिरपूरच्या तलावावर सकाळी सातला जावं. 2022 पासून ते महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, पण पक्षी त्याआधीपासूनच येतात. काळ्या पाण्यातला बगळा म्हणजे लांबचं शीड. तोच बगळा जवळून चौकटभर घेतला की जवळचं शीड. पंख पसरून बसलेला पाणकावळा म्हणजे त्याची उलटी परीक्षा. बगळा उडाला की त्याच्याबरोबर कॅमेरा फिरवत न्यायचा सराव फुकट. ज्याचा बगळा जळत नाही त्याचं शीड जळत नाही.

सूर्य शिडामागे असेल तर मीटर विसरून जावं. त्या वेळी कापड कंदिलासारखं पेटतं. शिवणी, आतल्या पट्ट्या, आणि कधी कधी खलाशाची अख्खी सावली शिडावर उमटते. माझ्या मते या धंद्यात त्याहून सुंदर दुसरं काही नाही. पोलरायझर म्हणजे पाण्यावरची चमक मारणारा फिल्टर लावला की पाणी खोल दिसतं, पण दीड-दोन स्टॉप उजेड जातो, आणि इल्काच्या शिडात जी पारदर्शक प्लास्टिकची खिडकी असते तिच्यात कधी कधी साबणाच्या फुग्यासारखे रंगीत पट्टे येतात. ते नंतर काढायला संध्याकाळ जाते.

तळ्याची एक मेहरबानी: पाणी गोडं. मुंबईच्या बंदरात एक दिवस काढून आलेला कॅमेरा त्याच रात्री गोड्या पाण्यात पिळलेल्या मऊ फडक्याने पुसला नाही, तर फ्लॅशच्या खाचेत आणि लेन्सच्या कडेला मिठाचं काम सुरू होतं. कोरड्या फडक्याने पुसू नये, मिठाचे कण काच ओरबाडतात. एसी खोलीतून थेट दमट धक्क्यावर बॅग उघडली की काचेवर धुकं धरतं. अर्धा तास बॅग बंदच ठेवून बाहेरच्या हवेला येऊ द्यावं. पाण्यावर लेन्स बदलायची नाही, त्यापेक्षा दोन बॉडी न्याव्यात. पावसाळ्यात इंदूरलाही लेन्समध्ये बुरशी धरते, तेव्हा डबा आणि सिलिका जेल. एवढं पुरे, हे कोणीही सांगेल.

जुन्या लोकांचं मात्र नवल वाटतं. इंग्लंडमधल्या काउझ बंदरात फ्रँक बेकन याने लाकडी पेटीचा कॅमेरा बनवून घेतला होता. दोन्ही हातांनी पेटी धरायची आणि शटर सोडायला तोंडातला रबरी चेंडू दातांनी दाबायचा. आत काचेची प्लेट. म्हणजे बोट, लाट, शीड जुळेपर्यंत जबडा आवळून थांबायचं आणि मिळणार एकच. आज सेकंदाला दहा-वीस फोटो काढणाऱ्याला ते थांबणं उरलेलं नाही, रात्री निवडत बसणं उरलं आहे. आणि आपल्याकडे, याच इंदूरमध्ये, 1866 साली बांधकाम खात्यात नकाशे काढायला लागलेले लाला दीनदयाळ पुढे कॅमेऱ्याकडे वळले आणि सिकंदराबादला जाऊन निजामाचे फोटोग्राफर झाले. नकाशे काढणाऱ्याचा हात. त्यांच्या इमारतींच्या कडा कशा रेखलेल्या असतात ते पाहावं. त्या काळच्या प्लेटला तळ्याचं पाणी दुधाच्या काचेसारखं दिसे, कारण लाटा थांबत नसत आणि प्लेटला घाई नसे. त्याच सिकंदराबादला खेटून असलेल्या हुसेनसागरवर आता शिडांच्या शर्यती होतात. दीनदयाळांना कललेली बोट दिली असती तर त्यांनी काय आडवं धरलं असतं, हे मनात येऊन जातं.

पण खरा गोंधळ वेगळाच आहे आणि तो लॅबच्या काउंटरवर सुरू झालेला नाही. फोटोवाल्याला कल आवडतो. कललेली बोट, ताणलेलं शरीर, उडालेलं पाणी: पाहणाऱ्याला वाटतं काय वेग आहे! कोचला तोच फोटो दाखवा, तो कपाळाला हात लावतो. छोट्या बोटीचा नियम असा की वाऱ्यात ती जितकी सपाट तितकी वेगवान. कलली की शिडातून वारा वरच्या वर निसटतो, सुकाणू अडखळतं, बोट बाजूला सरकते. झोत आला की मेनशीट म्हणजे शिडाची दोरी थोडी सोडायची आणि अंग आणखी बाहेर टाकायचं, म्हणजे तो जोर कलण्यात न जाता पुढे जाण्यात जातो. अगदी मंद वाऱ्यात मुद्दाम थोडी कलवतात तेवढाच अपवाद. म्हणजे आमच्या मासिकाच्या कव्हरला शोभणारा क्षण हा बहुतेक वेळा कोणाच्या तरी चुकीचा क्षण असतो. उलटणारी बोट तर चुकीचा कळस, आणि तिचे फोटो सगळ्यात जास्त मागितले जातात. (तिथे माझा नियम एक: डोकं पाण्यावर दिसेपर्यंत कॅमेरा खाली. जवळ आपलीच बोट असेल तर कॅमेरा बॅगेत.)

कोचला हवा असतो बरोबर मागून घेतलेला, कंटाळवाणा फोटो: डोलकाठी किती वाकली, बूम म्हणजे शिडाखालची आडवी काठी कुठे आहे, शिडाची मागची कड किती उघडली, शिडावर चिकटवलेले लोकरीचे धागे सरळ मागे वाहतात की वर उडतात. आयोजकांना प्रायोजकाचा फलक दिसायला हवा. आईवडिलांना चेहरा हवा, आणि तो शोधायला शिडाचा नंबर. म्हणून रात्री प्रत्येक फोटोला आयएनडी ही शिडावरची देशाची अक्षरं आणि पुढचा आकडा लिहून ठेवावा लागतो. टोपी आणि चष्म्याखाली सगळी पोरं सारखीच दिसतात. नंबर दोन्ही बाजूंना असतो, उजव्या अंगाचा थोडा वर, त्यामुळे उजेड पलीकडून असेल तर दोन्ही आकडे एकमेकांवर चढत नाहीत पण वाचताना डोळे जातात. नुसत्या या कामावर इंदुरात चूल पेटत नाही. मार्गशीर्षातल्या तिथी तिचा खर्च काढतात, हे उघड गुपित आहे.

ड्रोनवाले म्हणतात वरून काढा, भांडणच नको. वरून खरंच भांडण मिटतं, कारण वरून कल फारसा जाणवत नाही. शीड एका पात्यासारखं दिसतं, बोट पानासारखी, सगळं सपाट आणि शांत. मोठ्या ताफ्याचा आराखडा समजायला ते उत्तम. पण हलत्या बोटीवरून ड्रोन उडवला तर तो उडाल्याची जागा घर म्हणून लक्षात ठेवतो. बॅटरी संपत आली की इमानदारीने त्या घरी परततो आणि तिथे आता नुसतं पाणी असतं. घराची जागा मध्येमध्ये बदलत राहावी लागते, आणि उतरवताना हातात झेलावा लागतो.

आजोबांकडे दोन्ही प्रिंट नेले. लॅबचा, आणि दुसऱ्या दिवशी "इसको हाथ मत लगाना" असं बजावून काढलेला मूळचा. आजोबांनी चष्मा बदलून दोन्ही पाहिले आणि सरळ बोटीवर बोट ठेवलं. "ही छान. ती दुसरी पडेल असं वाटतं." आजींचं म्हणणं पडलं की फोटोत पोरीचं नाक दिसत नाही. तेवढ्यात सुट्टीसाठी आलेली नात आतून आली. वाटलं, आता निकाल लागेल. हिला तरी पाणी आडवं असतं हे माहीत आहे. तिने लॅबचा प्रिंट उचलला, मान थोडी वाकडी केली आणि हसली. "यातलं पाणी सांडतंय." मग मूळचा पाहिला आणि चेहरा पडला. "हा नको ना काका. इथे गस्ट आली होती आणि मी मेनशीट सोडायला लेट झाले. सरांनी बघितला तर परत ओरडतील. हा बघा, यात बोट कशी फ्लॅट आहे." पाण्याचं काय, असं विचारल्यावर ती म्हणाली, "पाणी कोण बघतंय?"

सरळ बोटीचा प्रिंट ती भोपाळला हॉस्टेलवर घेऊन गेली. मूळचा आजोबांनी फ्रेम करून दिवाणखान्यात लावला, कालनिर्णयच्या शेजारी, एकाच खिळ्यावर. येता-जाता ते फ्रेमचा उजवा कोपरा बोटाने थोडा वर ढकलतात. खिळा मानेल तेवढीच ती फिरते. फ्रेम भिंतीवर तिरकी, तळं कलंडलेलं, आणि बोट बरीचशी सरळ.